धबधब्यांच्या वाटेवरून

दरेकसा, जि. गोंदिया
श्रावण

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन विदर्भातले धबधबे पायी हिंडून पाहण्याचा बेत कळवला, तेव्हा आपल्या रस्त्यांवर एवढी मोठी गाडी कशासाठी, असे तू विचारले होतेस. त्याचे उत्तर आता देतो: थांबता यावे म्हणून. आपले बहुतेक धबधबे पावसावर जगणारे आहेत. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतणाऱ्याला कधी नुसता ओला कातळ दिसतो, तर कधी नुसते धुके.

चिखलदऱ्याला हे फार जाणवले. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या त्या पठारावर ढग थेट अंगावर येतात. कीचकाला दरीत लोटून भीमाने जिथे हात धुतले असे सांगतात, त्या भीमकुंडाच्या काठावर आम्ही उभे होतो. खालून पाण्याचा गंभीर आवाज येत होता आणि समोर पांढऱ्या भिंतीपलीकडे काहीच नव्हते. आम्ही गाडीत परतलो, पिठले-भाकरी केली, झोपलो आणि उजाडताच पुन्हा चालत गेलो. धुके फाटले आणि ती धार वरपासून तळापर्यंत एकदम दिसली, तेव्हा मला तुझी फार आठवण झाली.

सहस्रकुंडाची गोष्ट निराळी. तिथे पैनगंगा स्वतःच काळ्या कातळावरून कोसळते. एका तीरावर आपला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या तीरावर नांदेड. वरच्या अंगाला इसापूरचे धरण असल्यामुळे आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढू शकते, म्हणून विसर्ग सुरू आहे का हे गावात विचारल्याशिवाय कातळावर पाऊल टाकू नये. शेवाळावरून घसरलेला माणूस त्या कुंडांतून सहज बाहेर येत नाही.

गाडीविषयी एवढेच सांगतो, की ती डांबरी रस्ता किंवा पक्का मुरूम सोडून कुठेही नेऊ नये. आपली काळी जमीन वरून वाळलेली दिसली तरी आत लोण्यासारखी असते, आणि धुऱ्याकडेला वळवलेली जड गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. जंगलात मुक्कामाचा विचारही करू नये. गावात कुणाच्या तरी अंगणात, विचारून, राहावे. माणसे आनंदाने जागा देतात.

सध्या सालेकसा तालुक्यात आहोत. मुंबई–हावडा लोहमार्गावरच्या या दरेकसा स्थानकापासून हाजरा धबधब्यापर्यंत पायी जाता येते. गाडी गावात ठेवून हिरव्या डोंगरातून जाण्यात जे सुख आहे, ते थेट पायथ्याशी उतरणाऱ्याला मिळत नसावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. इथून कचारगडच्या गुहाही पाहायच्या आहेत.

गाडीत एक जागा रिकामी आहे. निंदणाची कामे आटोपली असतील तर गोंदियापर्यंत रेल्वेने ये. तिथून मी तुला घेईन. चांगल्या पकडीचे बूट आणि एक काठी आण, आणि वहिनींना व आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध