खुलं पत्र : स्टेशन सव्वा किलोमीटरवर आहे तरी आम्हाला स्कूटर काढावी लागते

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : जवळच्या जवळ जायला चालत जायचं, सायकल काढायची की गाडी, हे आम्हाला आमचं ठरवता यावं याबाबत.

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मुलुंड पूर्वेला राहते. घरापासून स्टेशन सव्वा किलोमीटर, भाजी सातशे मीटरवर, मुलाचा क्लास साधारण एक किलोमीटर आणि सासूबाईंचे डॉक्टर त्याच्याही अलीकडे. म्हणजे आमच्या घरातल्या चौघांचं रोजचं जाणं-येणं दीड किलोमीटरच्या आत उरकतं. रस्ते सपाट आहेत, कुठे चढ नाही, अजून बरीच झाडं उभी आहेत, चालायला यापेक्षा सोयीची जागा मुंबईत शोधून सापडायची नाही. तरी आमची स्कूटर दिवसातून तीन-चार वेळा बाहेर निघते आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात मी एक आठवडाभर वहीत लिहून ठेवलं. स्कूटर 24 वेळा निघाली, त्यातल्या 20 वेळा दोन किलोमीटरच्या आत जाऊन परत आली. मग वेळ लावून बघितला. मुलाला क्लासला सोडायचं तर पार्किंगमध्ये पुढे लावलेल्या दोन गाड्या सरकवायच्या, हेल्मेट, सिग्नल, क्लासच्या खाली जागा शोधायची, सगळं धरून 11 मिनिटं. चालत गेलो तर 14. तीन मिनिटांचा फरक! तीन मिनिटं वाचवायला कोणी पेट्रोल जाळत नाही हो. आम्ही गाडी काढतो कारण ती 14 मिनिटं मुलाला पाठीमागून येणाऱ्या बसच्या आणि डंपरच्या समोर रस्त्यावरून चालवत न्यायची माझी हिंमत होत नाही.

तुम्ही म्हणाल फुटपाथ आहे की. आहे, दोन्ही बाजूंना आहे. शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी एका रविवारी सकाळी तो मोजला, लोक बघत होते पण मोजला. गेटमधून बाहेर पडलं की पहिली वीस-पंचवीस पावलं बरी आहेत, पाच फूट तरी रुंदी आहे. मग विजेचा डीपी बॉक्स येतो, त्याच्या आणि भिंतीच्या मधे 65 सेंटीमीटर उरतात, त्यातून मी तिरकी होऊन जाते पण भाजीची पिशवी घेऊन नाही. पुढे एका दुकानाच्या दोन पायऱ्या थेट फुटपाथवर उतरल्यात, मग चेंबरचं झाकण चार बोटं वर आलंय, मग एका बिल्डिंगच्या गेटसाठी फुटपाथ तोडलाय आणि तिथून खाली उतरून परत वर चढायचं, ते चढणं एका ठिकाणी 28 सेंटीमीटर भरलं. त्यानंतर बाइक लावलेल्या असतात, एकदम ओळीने. इथे माणूस रस्त्यावर उतरतो आणि एकदा उतरला की परत वर जात नाही, कारण दर पन्नास पावलांनी चढ-उतार कोण करणार.

देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात 2012 पासून लिहिलंय की मधे काही अडथळा नसलेली कमीत कमी 1.8 मीटर रुंदी पाहिजे आणि फुटपाथची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. 1.8 मीटर म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी जातील एवढं. ते वाचून मला वाटलं होतं की हे कुठल्या तरी परदेशाचं असेल, पण नाही, आपलंच आहे.

माझ्या सासूबाई 72 वर्षांच्या. लालबागला चाळीत वाढल्या, आयुष्यभर चालल्या, आत्ताआत्तापर्यंत डॉक्टरकडे, देवळात, मैत्रिणीकडे चालतच जायच्या. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक हलला, पाय मुरगळला, हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळलं पण चालायचा धीर गेला तो गेलाच. आता त्या रिक्षाशिवाय बाहेर पडत नाहीत आणि रिक्षा नाही मिळाली तर जातच नाहीत. डॉक्टर सांगतात रोज अर्धा तास चाला, त्या विचारतात कुठे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसतं. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये गाड्यांच्या मधून चकरा मारतात बिचाऱ्या, सतरा चकरा झाल्या की एक किलोमीटर होतो असं त्यांनीच मोजलंय.

रिक्षाचं पण सांगते कारण ते थेट तुमच्या खात्याचं आहे. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये झाले. भाववाढीबद्दल माझी तक्रार नाही, रिक्षावाल्याला पण घर आहे. पण जवळचं भाडं म्हटलं की पाचातले तीन मान हलवून पुढे जातात, आणि रांगेत तासभर थांबून नऊशे मीटरचं भाडं मिळालं तर त्याचाही जीव वर-खाली होणार हे मला समजतं. साध्या बसचं कमीत कमी तिकीट मे 2025 मध्ये पाचाचं दहा झालं. मग दोन स्टॉपसाठी आम्ही दोघं-तिघं निघालो की बसला वीस-तीस, रिक्षाला 26, आणि स्कूटरला पेट्रोल जाताना डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती फुकट वाटते. माणूस स्कूटर काढतो ते असं. आणि गाडीला सगळ्यात वाईट हीच फेरी असते, कारण थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि धूर साफ करणारं कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय नीट काम करत नाही, ते गरम होईपर्यंत आपण भाजीवाल्यापाशी पोचलेलो असतो. म्हणजे किलोमीटरमागे सगळ्यात घाण धूर आम्ही आमच्याच गल्लीत, आमच्याच मुलांच्या नाकासमोर सोडतो.

आता सायकल. माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, त्याला सायकल पाहिजे, खेळायला नाही तर जायला-यायला. मी स्वतः आधी करून बघायचं ठरवलं, साधी बिनगिअरची, पुढे बास्केट असलेली सेकंड हँड सायकल घेतली आणि चार महिने स्टेशनला, बाजाराला तीच वापरली. खरं सांगू, सव्वा किलोमीटरला सायकलसारखं दुसरं काही नाही. सहा मिनिटांत स्टेशन, घाम येत नाही, साडीवर नाही पण ड्रेसवर आरामात जमतं, पाच किलो बटाटे बास्केटमध्ये. पण उभी कुठे करायची? पे अँड पार्कवाल्याने सांगितलं की सायकलचा रेट नाही म्हणून घेत नाही. रेलिंगला बांधली तर एक दिवस सीट गेलं, नंतर एक दिवस हवा सोडलेली. गटाराच्या जाळ्या काही ठिकाणी रस्त्याच्या दिशेनेच उभ्या बसवल्यात, त्यात पुढचं चाक अडकून मी एकदा पडले, मागे रिक्षा होती, त्याने ब्रेक मारला म्हणून आज लिहितेय. त्या दिवशी संध्याकाळी मुलाला नाही सांगितलं आणि सायकल जिन्याखाली लावली ती अजून तिथेच आहे.

सायकल चालवणारे मुंबईत नाहीत असं कोणी म्हणालं तर कृपा करून पहाटे साडेपाचला बघायला सांगा. दूधवाले, पाववाले, पेपरवाले, भोंगा वाजवत येणारे इडलीवाले, नाईट ड्युटी संपवून घरी जाणारे वॉचमन, दुपारी डबेवाले. यांची सगळी कमाई दोन चाकांवर आहे आणि यांच्यासाठी या शहराने आजपर्यंत रस्त्याची एक पट्टी पण आखून दिलेली नाही. जेव्हा जेव्हा सायकलचा विचार झाला तेव्हा तो व्यायामाचा झाला, रविवार सकाळचा झाला. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा पाइपलाइनच्या कडेने मुलुंड ते सायन 39 किलोमीटरचा सायकल ट्रॅक जाहीर झाला तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता. कल्पना चांगलीच आहे, पण पाइपलाइन स्टेशनला जात नाही, शाळेत जात नाही, बाजारात जात नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत) ट्रॅक केला, त्यावर गाड्या लागल्या, आणि शेवटी रस्ता रुंद करायला तोच काढायचं ठरलं. चालणाऱ्यांचं पण तेच, 2008 मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि मग ठिकठिकाणी झाले, म्हणजे खालचा रस्ता गाड्यांना आणि माणसाने दोन मजले चढून जायचं. सासूबाईंना ते कसं जमणार?

आमच्याच हद्दीवर मुलुंडचे टोलनाके आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, ठाण्याहून रोज येणाऱ्यांचा खर्च आणि वेळ वाचला, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण त्यावरून हे कळलं की सरकारने मनावर घेतलं तर एका बैठकीत होतं आणि त्याच रात्री लागू होतं. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) 2008 च्या मोठ्या वाहतूक अभ्यासातच आलं होतं की महामुंबईतल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या लोक निव्वळ पायी करतात. या निम्म्या लोकांसाठी तशी एक बैठक कधी झाली का?

मी तीन ठिकाणी अर्ज दिले. एका ऑफिसात सांगितलं फुटपाथ आमचा पण त्यावरच्या गाड्या ट्रॅफिकच्या, दुसरीकडे सांगितलं आम्ही गाड्या उचलू पण बॉक्स आमचा नाही, तिसरीकडे म्हणाले स्टेशनच्या बाहेरची जागा आमच्याकडे येत नाही. कोणी उर्मट बोललं नाही, एका साहेबांनी तर खुर्ची दिली, पाणी दिलं. पण रस्ता एकच आणि त्याचे मालक पाच, आणि चालणारा त्यांच्यातल्या कोणाचाच नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय, कारण मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली त्यात कलम 138 (1ए) ने पादचारी आणि सायकलींसाठी नियम करायचा अधिकार राज्याला दिलाय आणि 210-डी ने रस्त्यांचं डिझाइन, बांधकाम आणि देखभाल कशी असावी याचे नियम करायचा. 14 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चांगला फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम 21 खाली पादचाऱ्याचा हक्क आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की हे दोन्ही नियम सहा महिन्यांत करा. कायदा वाचायला मला मुलाने मदत केली, चुकलं असेल तर सांभाळून घ्या, पण अर्थ हाच आहे ना की आता हे कुणाच्या मर्जीवर राहिलेलं नाही?

त्या नियमांत 1.8 मीटर आणि 150 मिलिमीटर हे आकडे आकडे म्हणूनच लिहा, "शक्य तेथे" हे शब्द घालू नका, कारण आमच्या रस्त्यावर कधीच काही शक्य नसतं. आणि हे आत्ता करा असं कळकळीने सांगते, कारण मुंबईतले सगळे रस्ते सिमेंटचे व्हायला घेतलेत. डांबर दोन-तीन पावसाळे टिकतं, सिमेंट पंचवीस-तीस वर्षं. आज कॉन्ट्रॅक्टरने कडेला जे ठेवलं तेच माझा मुलगा चाळिशीचा होईपर्यंत राहणार. रस्ता खणलेला असतानाच डीपी बॉक्स मागे सरकू शकतो, जाळी आडवी बसू शकते, गेटसमोर फुटपाथ न तोडता गाडीला उतार देता येतो. एकदा काँक्रीट ओतलं की परत कोण फोडणार.

फेरीवाल्यांबद्दल एक बोलायचंय, कारण फुटपाथ म्हटलं की गाडी त्यांच्यावरच येते. मी भाजी त्यांच्याकडूनच घेते, संध्याकाळी उशिरा येताना त्यांचे दिवे असतात म्हणून त्या रस्त्याने मला भीती वाटत नाही. त्यांना हाकलून मला फुटपाथ नको. 1.8 मीटर मोकळे सोडून बाकीची जागा त्यांना आखून द्या, 2014 चा पथविक्रेता कायदा त्यासाठीच आहे. आमच्या रस्त्यावर मोजलं तर जागा ठेल्यांपेक्षा दिवसभर न हलणाऱ्या गाड्यांनी जास्त खाल्लीय.

स्टेशनपाशी सायकली लावायला स्टँड पाहिजे, छप्पर आणि एक माणूस बसलेला, दिवसाचे पाच रुपये घ्या, आनंदाने देऊ. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात राहतात. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनखाली पण हे आत्ताच करता येईल. आणि जवळच्या भाड्यासाठी स्टेशनवर रिक्षाची वेगळी रांग करून बघा, जवळचं भाडं करून आला की त्याला परत मागे न लावता पुढे घ्या, म्हणजे त्याचं पण नुकसान होणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुलुंड पूर्वेची एक रहिवासी

ता. क. आमच्या रस्त्याचं काँक्रीटचं काम पावसाळ्यानंतर सुरू होणार असा बोर्ड परवा लागलाय. त्यावर रस्त्याची लांबी लिहिलीय, रुंदी लिहिलीय, फुटपाथचं काहीच नाही. तो किती रुंद करणार आहेत एवढं तरी काम सुरू व्हायच्या आधी आम्हाला कळवायची व्यवस्था करा. मुलगा रोज जिन्याखालच्या सायकलची हवा बघतो, त्याला काय सांगायचं ते मी त्यावरून ठरवीन.