सैल म्हणजे शालीन नव्हे

संपादक महोदय,

भरदार बांध्याच्या स्त्रियांना समारंभी पोशाखाबाबत 'सैल घाला' एवढाच सल्ला दिला जातो, तो मला अपुरा वाटतो. छातीच्या मापाने घेतलेला तयार झगा जसाच्या तसा घातला, तर तो कमरेवर तंबूसारखा लोंबतो आणि अंग आहे त्याहून रुंद दिसते. म्हणून माप छातीचेच घ्यावे, पण कमरेला टक्स (कापड आत दुमडून मारलेल्या शिवणी) घालून घ्यावेत आणि खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच येईल असे पाहावे. क्रेपसारखे किंचित वजनदार कापड अंगाला न चिकटता खाली उतरते, पातळ सॅटिन मात्र प्रत्येक वळी दाखवते. रंगाची चिंता त्यामानाने फुकाची. आरशासमोर उभ्याने नीट दिसणारी बटणपट्टी खुर्चीत बसताच फाकते, हे मी स्वतः भर समारंभात अनुभवले आहे. तेव्हापासून आतून टिचबटण लावून घेते.

– एक वाचक