थपडेच्या आधीच्या ललिताबाई : एका संग्राहक काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

अभिनेत्री ललिता पवारांवरचा माझा दीर्घ लेख अखेर छापून आला. ऋणनिर्देशात आपल्याविषयी दोन ओळी आहेत, पण आपल्याच आग्रहाखातर तिथे नाव दिलेले नाही. त्या दोन ओळींनी माझे समाधान झाले नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. आपला शब्द पाळून नाव इथेही गाळते.

आपल्या दारी येईपर्यंत मी बऱ्याच दारांवरून परत फिरले होते. एका संस्थेत विद्यापीठाचे पत्र आणल्याशिवाय कपाटाजवळ जाता येणार नाही असे सांगितले गेले, आणि कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नसलेल्या बाईने जुन्या चित्रपटांचा अभ्यास करावाच कशाला, हा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. एका गृहस्थांनी चित्र दाखवण्याआधीच त्याची किंमत सांगितली. एका संपादकांनी तर मोठ्या आपुलकीने सल्ला दिला की, लेख थपडेपासून सुरू करा, त्याआधीचे कोणी वाचत नाही.

थपडेची हकिकत खोटी नाही. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात थप्पड मारण्याच्या प्रसंगात अभिनेते मास्टर भगवान यांचा हात ललिताबाईंना अनवधानाने जोरात लागला, चेहऱ्याला पक्षाघात झाला, दीर्घकाळ उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. परंतु १९१६ साली येवल्यात जन्मलेली अंबा सगुण, म्हणजेच पुढे ललिता पवार झालेली मुलगी, त्या दिवशी पंचवीस-सव्वीस वर्षांची होती आणि लहानपणीच मूकपटात पाऊल टाकल्यामुळे निम्म्याहून अधिक आयुष्य तिने कॅमेऱ्यासमोर काढलेले होते. त्या वर्षांचे काय, असे मी जिथे विचारले तिथे लोक पुन्हा थपडेकडेच वळत. आपण एकटेच असे भेटलात की ज्यांनी मी काही बोलण्याआधी मलाच विचारले, “त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रपटांबद्दल काही मिळाले का तुम्हाला?”

त्या प्रश्नाने माझ्या लेखाची दिशाच बदलली. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटात ललिताबाई नायिका होत्या आणि त्याच्या सहनिर्मात्याही होत्या. पुढे बोलपट आल्यावर त्यांनी टॉलस्टॉयच्या ‘रिसरेक्शन’वर बेतलेला ‘दुनिया क्या है’ काढला. विशीतल्या एका मराठी मुलीने रशियन कादंबरीवरच्या चित्रपटात स्वतःचे पैसे घालावेत, ही गोष्ट आपल्याकडे दंतकथा व्हायला हवी होती, पण दंतकथा झाली ती मारलेल्या थपडेची. ‘हिंमत-ए-मर्दा’सारख्या चित्रपटांत नायिका म्हणून वावरणाऱ्या या बाईंना पुढच्या पिढ्यांनी मात्र जन्मापासूनच सासू ठरवून टाकले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. आपल्याजवळच्या गाण्यांच्या पुस्तिका आणि कात्रणे इतकी जीर्ण होती की ती बाहेर नेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आपण मला घरीच छायाचित्रे घेऊ दिलीत. संध्याकाळ झाली होती, खोलीतला दिवा मंद होता आणि प्रत्येक पानावर माझ्याच हाताची सावली पडत होती. तेव्हा आपण आतून टेबलावरचा दिवा आणलात आणि तो कुठे ठेवायला जागा नाही असे पाहून स्वतःच हातात धरून उभे राहिलात. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने असे तिष्ठत राहावे याचा मला संकोच वाटत होता आणि मी तसे बोलूनही दाखवले, परंतु आपण एवढेच म्हणालात की कागद चकाकतो, दिवा जरा तिरका धरावा लागतो. शेवटचे पान होईपर्यंत आपण बसला नाहीत. माझी कागदपत्रे तपासणाऱ्यांपैकी कोणाला माझ्या कामासाठी खुर्चीवरून उठावेसे वाटले नव्हते. सज्जनपणा म्हणजे काही फार मोठी गोष्ट असते असे मला कधी वाटले नाही. पण तो इतका अवघडून, इतका वेळ आणि इतक्या सहज उभा राहू शकतो, हे मी त्या संध्याकाळी पाहिले.

आपण दाखवलेली एक विसंगतीही मी लेखात घेतली आहे. अपघातानंतर बाई तीन वर्षे पडद्यावरून नाहीशाच झाल्या असे सर्रास लिहिले जाते, पण १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई म्हणून त्याच उभ्या आहेत. उपचार आणि काम यांची सरमिसळ चालू असताना त्यांनी ती कारस्थानी पेशवीण साकारली असावी, असा माझा तर्क मी तर्क म्हणूनच मांडला आहे. तिथून ‘दहेज’मधली सासू, ‘श्री ४२०’मधली केळेवाली, ‘अनाडी’तल्या मिसेस डिसा आणि ‘जंगली’तली करडी आई हा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर मी थोडक्यात लिहिले.

आपला आणि माझा एक वाद मात्र मिटलेला नाही. आपल्या मते त्यांचे खरे सामर्थ्य मंथरेत आहे, आणि १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये ती साकारल्यानंतर १९८७ च्या दूरदर्शन मालिकेत पुन्हा तीच भूमिका त्यांनाच मिळाली, हा आपला पुरावाही बिनतोड आहे. तरीही वरून खेकसणाऱ्या आणि आतून विरघळणाऱ्या मिसेस डिसाच मला सरस वाटतात, आणि त्या भूमिकेला मिळालेला फिल्मफेअर पुरस्कार माझ्या बाजूने साक्ष देतो. अंकाच्या दोन प्रती घेऊन मी येत्या महिन्यात स्वतः येईन, तेव्हा या मुद्द्यावर आपण पुन्हा भांडू.

आपली कृतज्ञ,
एक चित्रपट अभ्यासक