मोठ्या संघाचा कोच नंतर शोधू, आधी पोरांचा शोधा

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

हे पत्र नावाने न लिहिता पदाला लिहितोय. आपल्या खात्याचे मंत्री हॉकीच्या कोचपेक्षा फार जास्त टिकतात असा अनुभव नाही. तेव्हा वाचणारे आपण असा किंवा आपल्यानंतर येणारे, मजकूर तोच राहील.

चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियममध्ये स्पर्धेच्या दिवसांत येऊन बसलात तर एक वाद हमखास कानावर पडेल. आपला संघ मोकळ्या हाताने परतला की तो पेटतो: आता कोच कोण आणायचा? एक गट म्हणतो, परदेशी आणा, आपल्या लोकांना नवी हॉकी कळत नाही. दुसरा म्हणतो, एवढे ऑलिम्पियन शहरात बसलेत, त्यांना विचारतं कोण? तिसरा गट वयाने मोठा. तो म्हणतो, हे आम्ही १९८२ पासून ऐकतोय. त्या वर्षी याच मैदानावर विश्वचषक झाला, पाकिस्तानने जिंकला, आपण पाचवे आलो.

वाद रंगतो, मीही त्यात हिरिरीने भांडतो. पण मंत्रालयाच्या दारात न्यावा असा तो प्रश्न नाही. आपल्याकडे आणण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. मुंबईतल्या अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात पहिल्यांदा स्टिक देणारा माणूस कोण, त्याला पैसे कोण देतं, आणि पुढच्या वर्षी तो त्याच मैदानावर असेल का?

मोठ्या कोचवर ज्यांची फार श्रद्धा आहे त्यांनी २०१३ आठवावं. हॉकी इंडिया लीगचं पहिलं वर्ष. मुंबई मॅजिशियन्सने कोच म्हणून आणले रिक चार्ल्सवर्थ. ऑस्ट्रेलियाच्या महिलांना १९९६ आणि २००० ची ऑलिम्पिक सुवर्णपदकं आणि पुरुषांना २०१० चा विश्वचषक मिळवून देणारा हा माणूस. याहून मोठं नाव हॉकीत शोधावं लागेल. पाच संघांत मुंबई पाचवी आली. न्यायाने सांगायचं तर संघातल्या पाकिस्तानी खेळाडूंना ऐनवेळी परत पाठवलं गेलं आणि घडी विस्कटली. पण पुढचंही ऐका. दोन हंगामांनंतर तो संघच गेला, २०१५ मध्ये दबंग मुंबई आली, २०१७ मध्ये ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि मग लीगच बंद पडली. २०२४ च्या डिसेंबरात लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत मुंबई नव्हती, महाराष्ट्रही नव्हता. एवढे मालक आणि कोच येऊन गेले. त्यातून शहरातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर काही मागे राहिलं असेल तर मला ते दिसलेलं नाही.

‘आपला माणूस आणा’ म्हणणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. २००८ साली सँतियागोत ब्रिटनकडून ०-२ हरून भारत पहिल्यांदाच ऑलिम्पिकबाहेर राहिला तेव्हा राष्ट्रीय संघाचे कोच मुंबईचेच जोकिम कार्व्हालो होते. त्यांनी राजीनामा दिला. दोष त्यांच्या एकट्याचा होता असं आज कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पुढे २०११ ते २०१९ या काळात मायकल नॉब्स, टेरी वॉल्श, पॉल व्हॅन अस, रोलंट ऑल्टमन्स, शोर्ड मरीन, हरेंद्र सिंग आणि ग्रॅहम रीड असे सात कोच झाले. रीड यांना थोडं स्थिर राहू दिलं आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४१ वर्षांनी पदक आलं. पॅरिसला क्रेग फुल्टन यांच्या हाताखाली पुन्हा कांस्य. तेव्हा वरच्या कोचला किंमत नाही असं मी म्हणत नाही. त्याला वेळ दिला तर फळ मिळतं, हे दिसलंच.

फक्त त्या दोन पदकांच्या संघांची यादी एकदा समोर घ्या. मनप्रीत आणि मनदीप जालंधरजवळच्या मिठापूरचे. अमित रोहिदास ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्यातल्या सौनामारा गावचा, घडला पानपोशच्या सरकारी क्रीडा वसतिगृहात. श्रीजेशचं उदाहरण तर आपल्या खात्यासाठीच बेतल्यासारखं आहे. केरळ हे काही हॉकीचं राज्य नव्हे. एर्नाकुलम जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा बाराव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा शाळेत गेला, तिथल्या कोचने त्याला गोलकीपर हो म्हणून सांगितलं, आणि देशाला दोन ऑलिम्पिक पदकांचा गोलकीपर मिळाला. सरकारी शाळा, सरकारी पगारावरचा कोच, योग्य वयात दिलेला एक सल्ला.

आता त्याच यादीत महाराष्ट्र शोधा. टोकियोच्या पुरुष संघात आपला एकही नाही. पॅरिसच्याही संघात नाही.

हे त्या शहराचं आणि राज्याचं चाललंय ज्याने १९४८ च्या लंडन सुवर्णसंघाला लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ दिले. ज्याच्या मर्विन फर्नांडिसकडे १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकचं सुवर्ण आहे. ज्याच्या खडकीतून १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या सुवर्णसंघात बाबू निमल गेले आणि पुढे धनराज पिल्ले आला. धनराज चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला. त्याचे वडील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करायचे, पोरं मोडक्या स्टिकांनी खेळायची. मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीकडून खेळत होता म्हणून तो इकडे आला आणि महिंद्राच्या संघात लागला. हात धरायला भाऊ होता, पुढे कंपनी होती.

आणि इथेच आमची सगळ्यांची फसगत झाली असं मला वाटतं. रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, इंडियन ऑइल, बँका, कस्टम्स अशा नोकऱ्यांमुळे देशभरातले उत्तम खेळाडू मुंबईत यायचे. लीग भारी दिसायची. बॉम्बे गोल्ड कपला स्टँड भरायचे. त्या झगमगाटात वांद्र्याच्या गल्ल्यांतून येणारे खेळाडू आटले हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पंजाबचा पोरगा रेल्वेत लागून मुंबईकडून खेळतोय आणि गोल मारतोय, तर वांद्र्याच्या किंवा खडकीच्या पोराची चिंता कोण करेल? मग नोकऱ्या आटल्या, एअर इंडिया खासगी झाली, आणि खाली पाहिलं तर शिडीच नव्हती. जे वाईट दिसतंय ते आजचं नाही, तीसेक वर्षांचं आहे. कोच बदलून ते आठ महिन्यांत कसं भरून निघेल?

अपवाद आहेत. युवराज आणि देविंदर वाल्मिकी हे भाऊ मरीन लाइन्सच्या एका खोलीत वाढले. त्या घरात वर्षानुवर्षं वीज नव्हती. युवराजने २०११ ची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात जिंकून दिली, देविंदर रिओ ऑलिम्पिकला खेळला. त्यांची जिद्द वादातीत. पण ते स्टेडियमपासून पायी चालत जाण्याच्या अंतरावर राहत होते, हेही लक्षात घ्या. नालासोपाऱ्याच्या किंवा कळव्याच्या पोराने सकाळी साडेसहाच्या सरावाला चर्चगेट गाठायचं कसं? गाठलं तर शाळेत परतायचं कधी? उपनगरांत गल्लोगल्ली हिरवे पिंजरे उभे राहिलेत, रात्री दोनपर्यंत त्यात बॉक्स क्रिकेट चालतं. ते फुटबॉलचं लांब धाग्यांचं गवत, त्यावर हॉकीचा चेंडू नीट धावतही नाही.

प्रत्येक वॉर्डात नवं अॅस्ट्रोटर्फ, म्हणजे हॉकीचं कृत्रिम मैदान द्या, असं मी मागत नाही. ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद मोकळी जमीन मुंबईत मिळाली तर तिच्यावर आधी कोण काय बांधेल हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शिवाय टर्फ दहा वर्षांत झिजतं, त्याला पाणी लागतं, देखभाल लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्याची गरजही नसते. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर, अर्ध्या मैदानावर, पाच-पाच जणांत तो चेंडू अडवायला, मान वर ठेवून पळवायला, स्टिक उलटी फिरवून (रिव्हर्स) खेळायला शिकू शकतो. लागतो तो शिकवणारा.

आणि तोच नाही. बहुतेक शाळांत पी.टी.चे सर एकाच आठवड्यात कबड्डी, खो-खो, फुटबॉल आणि वेळ उरला तर हॉकी घेतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांनी तरी काय काय करावं? क्लबांमध्ये जुने खेळाडू संध्याकाळी पदरमोड करून पोरं खेळवतात. आपल्या खात्यात ‘क्रीडा मार्गदर्शक’ हे पद आहे, पण हॉकीसाठी, एकाच केंद्रावर, पाच वर्षं बसणारा मार्गदर्शक मुंबईच्या पोराच्या वाट्याला क्वचित येतो. मानधनावर आलेला माणूस दुसरीकडे दोन पैसे जास्त मिळाले की जातो, त्याचंही घर चालायला हवंच. इकडे पोराच्या सवयी मात्र चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत पक्क्या होतात. चेंडू थांबवायचा आणि मग वर बघायचं, ही सवय एकदा हाडात गेली की जगातला कुठलाही कोच ती काढू शकत नाही. टर्फवर तेवढ्या वेळात समोरचा संघ चेंडू घेऊन आपल्या गोलपासून पंचवीस यार्डांत पोहोचलेला असतो. गोलकीपरची अवस्था तर विचारू नका. किट हजारो रुपयांचं, आईबाप ते घेऊ शकत नाहीत, म्हणून धावायला कंटाळणाऱ्या पोराला पॅड बांधून उभं करतात.

दुसरी गोष्ट स्पर्धांची, आणि ती पूर्णपणे आपल्या हातातली आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, नेहरू हॉकीची जिल्हा पातळी, सगळं बाद पद्धतीने. हरला की घरी. शाळा अर्ज भरते, ओळखपत्रं, जन्मदाखले, शिक्के होतात, पोरं सुट्टी टाकून येतात, पहिल्या सामन्यात तगडी शाळा पडते, चार गोल खातात आणि त्यांचं हॉकीचं वर्ष संपतं. निम्म्या शाळा पहिल्याच फेरीत बाहेर, हे बाद फेरीचं साधं गणित आहे. ज्यांना सामने सर्वांत जास्त हवेत त्यांनाच सर्वांत कमी मिळतात. मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांत तरी हे थांबवा. चार-पाच शाळांचे गट करा, छोटं मैदान, छोटे सामने, शनिवारी साखळी. ट्रॉफी नसली तरी चालेल.

सरकारी कोचच्या हाताखाली इथली पोरं घडणार नाहीत असं कुणी म्हटलं तर त्यांना फलटणला पाठवा. वैष्णवी फाळके फलटण तालुक्यातल्या आसू गावची, शेतकऱ्याची मुलगी. आपल्याच खात्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, पुण्यात घडली, भारताकडून खेळली, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतलं कांस्य तिच्याकडे आहे. पॅरिसचा नेमबाज स्वप्नील कुसाळेही प्रबोधिनीचाच. तिथे जादू काही नाही. मूल लहान वयात येतं, वर्षानुवर्षं राहतं, जेवण-शाळा-सराव एका ठिकाणी, आणि रोज सकाळी समोर कोच. मुंबईत वसतिगृह काढणं महाग पडेल हे कबूल. पण शाळेला जोडलेली, घरून येण्याजोगी प्रबोधिनी का नको? एक वांद्र्यात, एक मुलुंडकडे, एक बोरिवलीच्या पुढे. राज्याच्या ‘मिशन लक्ष्यवेध’ या क्रीडा योजनेतल्या खेळांच्या यादीत हॉकी आहे, म्हणजे नवं धोरण आखायचीही गरज नाही.

ओडिशाशी तुलना सुरू झाली की आपले अधिकारी पैशाचं कारण सांगतात. ओडिशाने राष्ट्रीय संघ प्रायोजित केला, दोन विश्वचषक भरवले, ते सगळ्यांना दिसलं. पण पानपोशचं वसतिगृह १९८५ सालचं आहे. प्रायोजकत्व आलं २०१८ मध्ये. मधली तेहतीस वर्षं तिथे कुणी तरी रोज पोरं खेळवत होतं. महाराष्ट्र गरीब राज्य नाही. पण सत्काराला आणि बक्षिसाला जसा पैसा तत्परतेने सुटतो, तसा कोचच्या पगाराला सुटत नाही, कारण त्याचा फोटो येत नाही.

शहरातल्या ऑलिम्पियनांचं काय करायचं, हेही सांगतो. त्यांना वरिष्ठ संघाच्या एका खुर्चीसाठी आपापसांत झुंजवू नका. त्यांना खालच्या कोचचे कोच करा. महिन्यातून दोन रविवार एखाद्या माजी हाफबॅकने चाळीस पी.टी. सरांना मैदानात उभं करून शिकवलं, तर त्याचा उपयोग एका संघापुरता राहणार नाही. त्यासाठी त्यांना सन्मानाने बोलवा, मानधन वेळेवर द्या, आणि मुंबई हॉकी असोसिएशन व राज्य संघटना यांतलं मूल कुणाचं, हा तंटा त्या मैदानाबाहेर ठेवा. पोराला या दोहोंतला फरक कळत नाही, कळायचं कारणही नाही.

मागणं थोडक्यात असं: मुंबईच्या दोन जिल्ह्यांसाठी फक्त हॉकीचे दहा क्रीडा मार्गदर्शक, पूर्ण पगारावर, पाच वर्षं बदली नाही. प्रत्येक केंद्राला गोलकीपरचे दोन संच, सरकारी नोंदीवर, पोरांच्या मापाचे. मोजायचं असेल तर वर्षाअखेरीस पदकं मोजू नका. चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने वर्षात किती सामने खेळले ते मोजा, आणि तो आकडा खात्याच्या संकेतस्थळावर टाका.

वरिष्ठ संघाचा कोच परदेशी की देशी, हा वाद आम्ही स्टँडमध्ये चालू ठेवू, त्याची काळजी नको. आपल्याकडून एवढंच हवं की शालेय स्पर्धांचं पुढचं परिपत्रक निघेल तेव्हा हॉकीपुढे ‘बाद पद्धत’ ऐवजी ‘साखळी’ लिहिलेलं असावं. त्याला पैसा लागत नाही, एक सही लागते.

आपला,
महिंद्रा स्टेडियमच्या स्टँडमधला एक प्रेक्षक
माहीम, मुंबई