भर उन्हाळ्यात खारींची शिकार

महोदय,

मे-जूनमध्ये मुलांकडे अमेरिकेत येणाऱ्या मंडळींना रानात फिरायची हौस असते, म्हणून हे पत्र. शिकार म्हणजे पानगळीनंतर, असा आपला समज. मी राहतो त्या मिसूरीत खारींचा हंगाम मेच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो, तो थेट १५ फेब्रुवारीपर्यंत! माणशी दिवसाला १० खारी. लुइझियानात वसंतातही हंगाम असतो, पण तेव्हा मर्यादा ३ वर आणतात. पूर्व टेक्सासच्या बऱ्याच भागात मे महिना खुला, मग थेट ऑक्टोबर.

जूनमध्ये तुती पिकते. झाडाखाली जांभळा सडा, वर खारी आणि बुंध्याशी पाल्यासारख्या रंगाच्या कपड्यांत निश्चल बसलेला शिकारी. दहा पावलांवरूनही दिसत नाही. तेव्हा भडक रंगाचे कपडे घाला.

शिकारीला माझा सरसकट विरोध नाही. लोक मांस खातात, वाया घालवत नाहीत. पण करड्या खारीची दुसरी वीण जुलै-ऑगस्टच्या सुमारास होते. पिल्लं ढोलीत असताना आई टिपायची, हे भीमाशंकरचं शेकरू पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला पटत नाही. हे दोन महिने मिसूरीने बंद ठेवावेत.

– एक वाचक, कोलंबिया, मिसूरी (मूळ गाव जुन्नर)