तीस रायफलींचे सुटे भाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातील शस्त्रांविषयीच्या आपल्या पुरवणीतील लेखात जर्मनीच्या ‘श्टुर्मगेवेर ४५’ या रायफलीची बोळवण ‘फसलेला प्रयोग’ या दोन शब्दांत केली आहे. ती रणांगणावर पोहोचली नाही हे खरे. ती फसली, हे मात्र मान्य करता येत नाही.

ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात ‘गेरेट ०६’ या नावाने हे काम सुरू झाले, तेव्हा आधीच्या श्टुर्मगेवेर ४४ या रायफलीचेच ७.९२ × ३३ मिलिमीटरचे आखूड काडतूस वापरणारी, पण अधिक साधी आणि स्वस्त रायफल हवी होती. पहिल्या नमुन्यात, एमजी ४२ मशीनगनप्रमाणे, बोल्टच्या (काडतूस मागून बंद धरणाऱ्या सरकत्या भागाच्या) दोन बाजूंचे रोलर खाचांत बसून बोल्ट जखडून ठेवत आणि नळीतून घेतलेल्या वायूने ढकललेला दट्ट्या त्यांना सोडवत असे. माउझरचेच कार्ल मायर यांनी आकडेमोड करून दाखवले, की कोन नेमके साधले तर दट्ट्या लागतच नाही; काडतुसावरील दाबच रोलरना आत ढकलतो आणि बोल्टचे डोके जेमतेम सरकते तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते. अर्थात, दाब पुरता उतरण्याआधी मागे ओढले जाणारे काडतूस चेंबरला, म्हणजे नळीतील त्याच्या घराला, चिकटते. त्यावर उपाय म्हणून चेंबरमध्ये उभे चर पाडले, म्हणजे वायू काडतुसाच्या बाहेरूनही खेळतो. या घराण्यातील शस्त्रांची रिकामी काडतुसे आजही अंगावरच्या काळ्या रेघांवरून ओळखू येतात, आणि मला तरी ही युक्ती मूळ कल्पनेइतकीच हुशारीची वाटते.

१९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा सुमारे तीस रायफलींचे सुटे भागच तयार होते. पुढे माउझरचे लुडविग फोरग्रिमलर आधी फ्रान्समध्ये व १९५० मध्ये स्पेनच्या सेटमे या शस्त्रसंशोधन संस्थेत गेले. तेथे घडलेल्या रायफलीवरूनच १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या लष्कराने स्वीकारलेली जी३ रायफल आली. पाकिस्तानात वाह येथे बनणारी जी३ आणि २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरलेल्या एनएसजी कमांडोंच्या हातातील एमपी५ सबमशीनगन, दोन्हींच्या पोटात हीच रोलरची जोडी आहे.

आणखी एक. लेखात या रायफलीचे श्रेय ह्यूगो श्मायसर यांना दिले आहे. ते सूल येथील हेनेल कंपनीत होते आणि त्यांचे नाव जोडले जाते ते ४४ शी, ४५ शी नव्हे. एवढी दुरुस्ती कृपया छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे