सर, तुम्ही आजींचं नाव लिहून घेतलंत

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आमच्या घरातल्या जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, तुम्ही परत आणून दिलात, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. कागद परत येतात, हेच आम्हाला नवीन होतं. याआधी अभ्यासक म्हणवणारे एक गृहस्थ "आठ दिवसांत आणतो" म्हणून काही कागद घेऊन गेले, ते आजतागायत फिरकले नाहीत. गावातल्या वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांची, चौकशी करायला एका कार्यालयात गेलो, तर "असले दगड गावोगाव पडलेत" एवढंच ऐकून बाहेर पडलो.

तुम्ही कागदांसोबत बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवलेली पानंही दिलीत. अक्षर लागलं नाही तिथे टिंबं ठेवलीत, अंदाजाने काही भरलं नाहीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जायचं, ही मोडीची रीत मुलांना ओसरीवर बसवून शिकवलीत. कागदावरचं 'सलास' म्हणजे तीन, आणि सुहूर सनात, म्हणजे त्या कागदांवरच्या जुन्या कालगणनेच्या वर्षात, ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, हे माझी पुतणी आता घरभर सांगत फिरते. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे इतिहासकार वि. का. राजवाडे असेच दारोदार कागद शोधत हिंडायचे, हेही तिला तुमच्याकडूनच कळलं.

पण सर, मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. वेशीजवळच्या वीरगळापाशी तुम्ही उभे होतात. तळाच्या चौकटीत पडलेला वीर आणि गुरं, वर लढाई, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तरी आधी तिथे दिवा लावायला आलेल्या आजींना विचारलंत, "तुम्ही याला काय म्हणता?" आजी म्हणाल्या, "आमचा राखणदार. गुरं सोडवताना पडला." तुम्ही ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवलंत, त्यांचं पूर्ण नाव विचारलंत आणि लिहिलेलं वाचून दाखवलंत, "बरोबर आहे ना?" तुमच्या पुस्तिकेत त्या वीरगळाच्या छायाचित्राखाली आजींचं नाव छापलंय. त्यांना वाचता येत नाही. नातवाने दाखवलं, तेव्हा कितीतरी वेळ त्या अक्षरांवर बोट ठेवून बसल्या होत्या.

विद्वान माणसं आम्ही पाहिली आहेत. दगडावर पाय ठेवून फोटो काढणारेही पाहिलेत. समोरच्याला आपल्यापेक्षा काहीतरी जास्त माहीत असेल, असं मानून विचारणारा माणूस विरळा. तुमच्या विद्वत्तेपेक्षा तुमच्या या सौजन्याने गाव तुमचं झालं.

दुसरा रुमाल चुलत्यांकडे आहे. त्या जुन्या अनुभवानंतर ते कोणाला हात लावू देत नव्हते. परवा स्वतःहून म्हणाले, "सरांना विचार, कधी सवड आहे?" तेवढं कळवावं, ही विनंती.

आपली,
एक कृतज्ञ गावकरी